पुसल्या गेलेल्या डिस्कपासून पेनड्राइव्हपर्यंत : लिनक्सच्या नवशिक्यांचा इतिहास

१/ १९९१ सालच्या अखेरची गोष्ट. हेलसिंकी विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावण्याची आज्ञा दिली. आज्ञा मोडेमला जायची, ती गेली हार्डडिस्कला. डिस्कवरील ‘मिनिक्स’ ही प्रणाली निकामी झाली. विद्यार्थ्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स. लिनक्स शिकताना डिस्क पुसली जाईल या भीतीने मागे फिरणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. #थ्रेड

२/ थोडे मागे जाऊ. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. विद्यापीठांतून तिचा सोर्स कोड अभ्यासला जाई. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून मात्र तो वर्गात शिकविण्यास परवान्याने मनाई झाली. शिकविण्यासाठी काहीतरी हवे, म्हणून अँड्र्यू टॅननबाम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिली. तत्पूर्वी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीसाठी ग्नू प्रकल्प घोषित केला होता.

३/ २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्सने मिनिक्सच्या चर्चागटात कळविले की आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत आहोत. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती आली; सुमारे १०,००० ओळींची. ती चालविण्यासाठी आधी मिनिक्स लागे. म्हणजे पहिल्या नवशिक्यांसाठी दार होते, पण त्याची किल्ली दुसऱ्याच घरात होती.

४/ आता त्या पुसल्या गेलेल्या डिस्ककडे परत येऊ. टोरवाल्ड्सने मिनिक्स पुन्हा बसविली नाही. आपल्याच प्रणालीवर राहायचे ठरविले. चुकीमुळे परतीची वाट बंद झाली आणि पुढची वाट पक्की झाली. १९९२ मध्ये त्याने ग्नूचा जीपीएल परवाना स्वीकारला. वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क आता प्रत्येकाचा झाला.

५/ तरीही हक्क मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे सुरू झाली. तेव्हा फ्लॉपींची चळत एकामागून एक घालावी लागे, डिस्कचे विभाजन स्वतः करावे लागे. मॉनिटरचे आकडे चुकले तर मॉनिटरच बिघडण्याची धास्ती असे. कायद्याने खुले असलेले ज्ञान व्यवहारात मोजक्यांपुरतेच राहिले.

६/ ही कोंडी क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने २००० च्या सुमारास बऱ्याच अंशी फोडली. सीडी घाला, संगणक सुरू करा, हार्डडिस्कला हात न लावता लिनक्स पाहा. सीडी काढली की सारे पूर्ववत. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांचे उबुंटू आले आणि मागणी करणाऱ्यास सीडी टपालाने फुकट मिळू लागली. ही सोय २०११ पर्यंत चालू होती. इंटरनेटचा वेग जेथे तुटपुंजा होता, तेथे या पाकिटाचे मोल वेगळे सांगायला नको.

७/ आज तेच काम पेनड्राइव्ह करतो. आधी आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग पेनड्राइव्हवरून उबुंटू किंवा मिंट नुसते चालवून पाहा. वायफाय, आवाज, मराठी टंकलेखन तपासा. समाधान झाले तरच ते संगणकावर बसवा. डिस्क पुसण्याविषयी विचारणारा पडदा मात्र दोनदा वाचा.

८/ नंतर टर्मिनल उघडून ‘एलएस’ ही आज्ञा द्या. फायलींची यादी दिसेल. ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतही आहे. शिलालेख वाचायला आपण लेण्यांपर्यंत जातो. येथे अर्धशतकापूर्वीची भाषा आपल्याच बोटांखाली जिवंत आहे.

९/ इतिहास बहुधा निर्मात्यांची नावे जपतो. पण लिनक्स टिकले ते दर पिढीत कुणीतरी पुढच्या नवशिक्यासाठी उंबरठा थोडा खाली आणला म्हणून. आपण आत आलात, तर मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवा. (समाप्त)