फोटो स्पर्धेत कॅटेगरी कशी निवडायची? भोर-वेल्ह्यातल्या उदाहरणांसह

पावसाळा आला की भोर आणि वेल्ह्याच्या (तालुक्याचं नवीन नाव राजगड) फोटोंनी गॅलरी भरून जाते. त्यातला एखादा स्पर्धेला पाठवावासा वाटतो. पण फोटो चुकीच्या कॅटेगरीत टाकला, तर तो कितीही भारी असला तरी एंट्री बाद होऊ शकते. वर भरलेली फी जाते ती वेगळीच.

मुळात कॅटेगरी म्हणजे फक्त विषय नाही. तिच्यासोबत एडिटिंगची मर्यादाही ठरलेली असते. अनेक मोठ्या स्पर्धा फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकेतली पीएसए यांच्या व्याख्या वापरतात. त्या आपल्या उदाहरणांवर लावून बघू.

नेचर

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हिरवं दिसलं म्हणजे नेचर नाही. पाळीव जनावरं, लागवडीची पिकं आणि माणसाने बांधलेल्या गोष्टी इथे साधारणपणे चालत नाहीत. म्हणजे वेल्ह्याची भातखाचरं नेचरमध्ये बसत नाहीत आणि त्यात चरणारी म्हैसही नाही. राजगडाच्या उतारावरची सोनकी चालेल, पण कोपऱ्यात संजीवनी माचीची तटबंदी आली तर अडचण. घरट्यासाठी इमारत वापरणारा पक्षी, असे मोजके अपवाद आहेत.

एडिटिंगमध्ये क्रॉप, उजेड-अंधार दुरुस्त करणं, एचडीआर आणि फोकस स्टॅकिंग चालतं. फ्रेममधली वस्तू काढणं, हलवणं किंवा नवीन घालणं चालत नाही. विजेची तार खोडली तरी नियम मोडला.

काजव्यांच्या फोटोंचं काय? झाडभर काजवे दिसणारे बहुतेक फोटो वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या अनेक फ्रेम एकावर एक ठेवून बनवलेले असतात. तोरण्यावरच्या स्टार ट्रेलचंही बऱ्याचदा तसंच. हे फोकस स्टॅकिंग नव्हे. त्यामुळे नेचरमध्ये टाकण्याआधी आयोजकांना मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

ट्रॅव्हल

जागेची किंवा तिथल्या लोकांची ओळख फोटोत दिसायला हवी. भातलावणी, भोरचा राजवाडा, भाटघर धरण, वरंधा घाटातला पाऊस हे सगळं इथे शोभतं. मात्र फोटोसाठी मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग चालत नाही. लावणी करणाऱ्या बायकांना ‘परत एकदा वाका’ म्हणून सांगितलंत, तर तो फोटो ट्रॅव्हलचा राहत नाही. ॲपने आभाळ बदललं तरी तेच.

मोनोक्रोम

राजगड ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त झेंडा भगवा, असे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फियापच्या व्याख्येनुसार हा रंगीत फोटो आहे, मोनोक्रोम नाही! संपूर्ण फोटोला एकच छटा (उदा. सेपिया) दिली तर चालते. एखाद्या भागालाच रंग ठेवला की चालत नाही.

वारसा

राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. विकिपीडियाशी जोडलेली ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. यात फोटो जुना असला तरी चालतो, फक्त स्पर्धेच्या काळात अपलोड करावा लागतो. पण तो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही, अगदी धंद्यासाठीही, वापरू शकतो. हे पटत असेल तरच टाका.

मोबाइल

इथे प्रश्न फक्त ‘फोनवर काढला का?’ एवढाच नसतो. आयफोन फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये फोनवरच्या ॲपने केलेलं एडिटिंग चालतं, कॉम्प्युटरवर फोटोशॉप वापरलेलं चालत नाही.

एआय कुठे सुरू होतं?

२०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस नाकारलं, कारण त्यांची एंट्री एआयने बनवलेली होती. २०२४ मध्ये उलटं झालं. माइल्स ॲस्ट्रे यांनी एआय कॅटेगरीत खऱ्या फ्लेमिंगोचा फोटो टाकला, बक्षीस मिळालं आणि मग तो बाद झाला. दोन्हीकडे मुद्दा एकच, कॅटेगरीशी प्रामाणिक राहण्याचा.

आपल्यासाठी धोका जवळचा आहे. फोनमधलं ‘इरेजर’ बोट फिरवताच मागचे पर्यटक गायब करतं आणि रिकामी जागा स्वतः कल्पना करून भरतं. एआय नसतानाच्या काळातही हे चालत नव्हतं. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने स्टेपान रुडिक यांचं बक्षीस काढून घेतलं, कारण फोटोतल्या एका पायाचा छोटासा भाग त्यांनी पुसला होता.

पाठवण्याआधी हे तपासा

- मूळ फाइल जपून ठेवा आणि एडिट वेगळी कॉपी करून करा. निकालाआधी मूळ फाइल मागितली जाऊ शकते.
- प्रो मोड असेल तर रॉ फाइलही सेव्ह करा.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. साइझ कमी होते आणि एक्सिफ माहिती (तारीख, कॅमेरा, सेटिंग) निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- वॉटरमार्क काढा. परीक्षकांना नाव दिसू नये, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो.
- कॉपीराइटचं कलम वाचा. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं लिहिलं असेल तर तुम्ही हरलात तरी फोटो त्यांचा होऊ शकतो.

कॅटेगरी ठरत नसेल तर ओपन कॅटेगरीचे नियम वाचा. ते सहसा सैल असतात. नेचरमध्ये न बसणारं ते भातखाचर तिथे खुशाल टाका.