अळिंबीचे बी हाती आले, त्याची गोष्ट



पाऊस लागला, ढग गडगडले, की झाई, बोर्डी, तलासरीकडच्या रानात वारुळावर अळिंबी उगवते. आपले वाडवडील ती खुडून आणीत आले, पण पेरली कोणी नाही. का बरं? बी हाती लागत नव्हतं. शिवाय ही अळिंबी वाळवीच्या सोबतीनेच वाढते. वाळवी तिची बुरशी वारुळात जोपासते. वाळवीवाचून ती येत नाही.

अळिंबीची शेती युरोपात सतराव्या शतकात पॅरिसजवळ घोड्याच्या लिदीवर सुरू झाली. जुन्या वाफ्यातली बुरशी काढून नव्या वाफ्यात लावीत. तिच्याबरोबर रोगही येई आणि पीक बसे. १८९४ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शुद्ध बी तयार झाले. पुढे १९३२ साली अमेरिकेत सिंडेन यांनी शिजवलेल्या धान्यावर बुरशी वाढवली. आता बी मुठीने पेरता येऊ लागले! आजही गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यावरचे असेच बी पिशवीत मिळते.

आपल्या देशात १९४३ साली कोइमतूरला भाताच्या पेंढ्यावर अळिंबी घेतली गेली. १९६१ साली हिमाचलात सोलनला बटन अळिंबीचे काम सुरू झाले. पण बटनला १४ ते १८ अंशांची थंडी लागते. आपल्या किनाऱ्यावर तिचा खर्च झेपत नाही. आपल्या कामाची ती धिंगरी. म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली ती भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवली. १९८३ पासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी सुधार योजनेचे काम चालू झाले.

यातून आपण काय घ्यायचं? भात झोडून झाला की पेंढा पडेल त्या भावाने जातो आणि घरची माणसं कामासाठी बाहेर पडतात. धिंगरीला जमीन लागत नाही. सावलीची, ओलसर, हवेशीर खोली पुरते. २० ते ३० अंशांचे हवामान तिला मानवते, म्हणून भातकापणीनंतरचे थंडीचे महिने चांगले. १ किलो कोरड्या पेंढ्यापासून अर्धा ते पाऊण किलो ओली अळिंबी मिळते. ताजी फार टिकत नाही. उरलेली उन्हात वाळवावी. १० किलोची साधारण १ किलो होते.

मात्र तीन गोष्टी विसरू नका. बी ताजे, पांढरेशुभ्र घ्या. हिरवे-काळे डाग दिसले तर परत करा. पेंढा गरम पाण्यात निर्जंतुक केल्याशिवाय भरू नका. आणि रानातली अनोळखी छत्री खाऊ नका. विषारी असली तर जीव जातो.

पहिल्या वर्षी दहाच पिशव्या भरा. गिऱ्हाईक आधी बघा, मग वाढवा. शंका असल्यास कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.