कमरेतल्या इंजेक्शनची गोष्ट

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसाच, थोडा नीट करून.

मागच्या महिन्यात नांदेडहून ताईचा फोन आला. दिवस भरत आलेले, बाळ आडवं, डॉक्टरांनी सिझर सांगितलेलं. पण तिला भीती ऑपरेशनची नव्हती, कमरेतल्या इंजेक्शनची होती. लातूरहून आमच्या आजीनं आधीच बजावलं होतं, "मणक्यात सुई घेऊ नको बाई, जलमभर कंबर धरती." ताई म्हणाली, "तू पॉडकास्ट करतोस ना, मग शोध की हे खरंय का!" शोधत गेलो आणि थेट निजामाच्या काळात पोचलो.

तेव्हा नांदेड काय, लातूर काय, सगळं हैदराबाद संस्थानात. १८४७ पासून जगभर ऑपरेशनसाठी क्लोरोफॉर्म हुंगवून माणसाला बेशुद्ध करायला लागले होते. वेदना थांबली, पण कधी कधी धडधाकट माणूस टेबलावरच जायचा. का? आधी श्वास थांबतो की हृदय? यावर डॉक्टरांत मोठा वाद होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे, श्वासावर लक्ष ठेवा, बाकी काळजी नको. सहावे निजाम महबूब अली खान यांनी या प्रश्नासाठी पैसा दिला. १८८८ मध्ये पहिलं आणि १८८९ मध्ये दुसरं 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसलं. दुसऱ्यासाठी लंडनच्या 'लॅन्सेट'नं लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला पाठवलं. कुत्र्या-माकडांवर शेकडो प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूनं लागला. पण १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकानं दाखवलं, की क्लोरोफॉर्मनं हृदयाचे ठोके बिघडून ते अचानक बंद पडू शकतं. म्हणजे कमिशनचं उत्तर अर्धंच होतं. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायच्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

आता गंमत बघा. सगळ्या माणसाला झोपवण्यात धोका आहे, तर मग दुखणारा तेवढाच भाग बधिर केला तर? याची सुरुवात कमिशनच्याही आधी, १८८४ मध्ये, व्हिएन्नात झाली होती. कार्ल कोलर या तरुण डोळ्यांच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, की कोकेननं जीभ बधिर होते. त्यानं ते बेडकाच्या डोळ्यात घातलं, मग स्वतःच्या. टाचणी टेकवली तरी काही कळेना! जर्मनीतल्या परिषदेला जायला त्याच्याकडं पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरनं वाचला.

पण कोकेन म्हणजे व्यसन. नसा बधिर करण्याचे प्रयोग करताना हॅल्स्टेडसारखा मोठा अमेरिकन सर्जन त्यात अडकला. मग १९०५ च्या सुमारास प्रोकेन आलं. पुढं १९४३ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःला टोचून पाहिलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं. आपला मराठवाडा निजामापासून मुक्त झाला, तेच वर्ष! आज दाढ काढताना किंवा टाके घालताना टोचतात ते लिग्नोकेन म्हणजे हेच.

हे काम कसं करतं? दुखण्याचा निरोप नसेतून मेंदूकडं विजेसारखा जातो. त्यासाठी नसेवरची सोडियमची बारीक दारं उघडावी लागतात. औषध ती दारं अडवतं. जखम तिथंच असते, फक्त फोन लागत नाही. औषध उतरलं की रेंज परत येते. पू झालेल्या जागी मात्र आम्लता वाढते आणि औषध नीट चालत नाही. सुजलेली दाढ पटकन बधिर होत नाही, ती यामुळंच.

आता ताईचा प्रश्न. मणक्यातलं इंजेक्शन ऑपरेशनसाठी वापरलं ते जर्मनीच्या ऑगस्ट बीअरनं, ऑगस्ट १८९८ मध्ये. नंतर त्यानं आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यानं एकमेकांवर प्रयोग केला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडी मारली, सिगारचा चटका दिला, तरी त्याला दुखलं नाही. बीअरला मात्र पुढचे नऊ दिवस डोकं धरून पडून राहावं लागलं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी गळालं होतं. आजही काहींचं असं डोकं दुखतं, पण सुया आता फार बारीक झाल्यात. शिवाय सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात.

आणि कंबर? टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते. जन्मभराचं दुखणं त्या सुईमुळं लागतं, असं अभ्यासात दिसलेलं नाही. गंभीर त्रास अगदीच क्वचित होतो. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, जुने आजार हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं. लाजायचं नाही.

मग आजी खोटं बोलत होती? नाही हो. तिची कंबर खरंच धरते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तिनं ती सुई घेतली होती. पण त्याआधी पाच बाळंतपणं, नंतर चाळीस वर्षं खुरपणी, आणि लातूरच्या उन्हाळ्यात डोक्यावरनं आणलेलं पाणी. एवढं सगळं कमरेनं सोसलं आणि नाव मात्र एका सुईवर गेलं.

ताईनं इंजेक्शन घेतलं. म्हणाली, "ओढल्यासारखं कळत होतं, दुखत नव्हतं." पोरगी झाली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजीनं विचारलं, "तू जागीच होतीस? रडणं ऐकलंस तिचं?"

"पहिल्यांदा मीच ऐकलं, आजी."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दाखव की गं तिला. फोन नीट धर."

भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा.