पाब्लो एस्कोबार: गुन्हेगार की दहशतवादी?

१/ २७ नोव्हेंबर १९८९. कोलंबियातील बोगोटाहून काली शहराकडे निघालेल्या प्रवासी विमानात उड्डाणानंतर काही मिनिटांतच स्फोट झाला. विमानातील सर्व १०७ जण आणि जमिनीवरील तिघे मृत्युमुखी पडले. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सेसार गाविरिया हे या कटाचे लक्ष्य होते. ते त्या विमानात बसलेच नव्हते.

२/ हे कृत्य एस्कोबारच्या मेडेलिन कार्टेलचे. याला दहशतवाद म्हणावे का? आक्षेप असा की, दहशतवादामागे राजकीय उद्दिष्ट असते. कार्टेलला हवा असतो केवळ पैसा.

३/ मात्र एस्कोबारची मागणी पाहावी: अमली पदार्थांच्या तस्करांचे अमेरिकेकडे होणारे प्रत्यार्पण थांबवा. त्यासाठीच्या रक्तपातात न्यायमंत्री, न्यायाधीश आणि संपादकही बळी पडले.

४/ १९ जून १९९१ रोजी संविधान सभेने प्रत्यार्पणबंदीच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी एस्कोबार शरण आला. ही बंदी उठायला १९९७ उजाडावे लागले.

५/ टोळ्यांनी आपापसांत केलेल्या खुनांना दहशतवाद म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु सामान्यांचे प्राण घेऊन राष्ट्राचा कायदाच बदलायला लावणे, याला दुसरे नाव नाही. हेतू नफ्याचा असला, तरी वेठीला धरलेली होती ती राज्यघटना.