चूल (बंद घरातील)

वर्षातून थोडेच दिवस उघडणाऱ्या घरातली सरपणावरची मातीची चूल. बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंबा–केज रस्त्यालगतच्या नेकनूर (जि. बीड) परिसरात ‘सुट्टीचे घर’ असे कुणी म्हणत नाही, पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेल्यांचे ‘गावाकडचे घर’ असते, दिवाळीला नाहीतर लग्नसराईत उघडते. ऊसतोडीला गेलेल्यांची घरेही निम्मे वर्ष कुलपात असतात. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅस पोचला, तरी गावी आल्यावर भाकरी चुलीवरचीच लागते. रोज पेटणाऱ्या चुलीचा तडा, कोंदलेले धुराडे घरातल्या बाईच्या लगेच ध्यानात येते. सहा महिन्यांनी आलेला माणूस मात्र थेट काडी ओढतो.

माळवदाच्या घरात धूर छतातल्या साण्यातून जातो. पावसाळ्यात त्यावर टाकलेला पत्रा तसाच राहिलेला असतो. तो आधी काढावा. 1980 च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून आलेल्या ‘निर्धूर’ चुलींना धुराडे असते. त्यात पाखरांची घरटी आणि काजळी साठते, आणि काजळी स्वतःच पेट घेते. चुलीचे तडे लिंपून पुरते वाळू द्यावेत. पहिला जाळ हलकाच ठेवावा.

सरपणाच्या ढिगात उजेडाशिवाय हात घालू नये. विंचू किंवा फुरसे तिथेच दडलेले असते. पेटवायला तुराट्या, पऱ्हाट्या उत्तम. पण चुलीच्या तोंडाबाहेर राहिलेल्या टोकांवरून जाळ मागे सरकत येतो. निखाऱ्याला वाळकी बाभूळ हवी. ओले लाकूड नुसते धुमसते. रॉकेल ओतून चूल पेटवणे हा शुद्ध आततायीपणा, आणि नायलॉनची साडी किंवा ओढणी चुलीपुढे नकोच. भाजल्यास भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई लावू नये. जखम मोठी असेल तर 108 ला फोन करावा.

खरा घात थंडीत होतो. पठारावरच्या गारठ्यात दारे-खिडक्या लावून, घमेल्यात निखारे घेऊन माणसे झोपतात. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त असतात. पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे; झोपलेल्याला तीही कळत नाहीत. एकाच खोलीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते प्रवासाच्या शिणावर ढकलू नये. आधी सगळ्यांनी बाहेर पडावे आणि दवाखाना गाठावा.

परतीच्या घाईत राख तशीच उकिरड्यावर जाते. वरून विझलेल्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंतही जिवंत राहतो, आणि शेजारी कडब्याची गंज असते. राख लोखंडी घमेल्यात काढावी, पाणी मारून ढवळावी, हात लावण्याजोगी गार झाली की टाकावी, कुलूप त्यानंतर.