जुनी थार की नवी? शौकिनांचा वाद मिटेना

मुरार (ग्वाल्हेर) : छावणीच्या गावाला जीप काही नवी नाही. त्यामुळे महिंद्राच्या थारचं रूप पालटलं, तेव्हा जुन्या शौकिनांनी नाकं मुरडलीच.

विलीज जीपच्या वळणाची पहिली थार 2010 मध्ये आली. मागे पाटे, समोरासमोर आडवी बाकं, एअरबॅग नाहीत. आवाज आणि दणके मात्र भरपूर. 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आलेल्या नव्या थारमध्ये मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आले, बहुतेक मॉडेलांत मागच्या सीटांचं तोंड पुढे झालं. ‘ही जीप कुठली, ही तर मोटार,’ ही जुन्यांची तक्रार. पण लो-रेंजसह फोर बाय फोर कायम राहिलं आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत 4 तारे मिळाले, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

खरी मेख जानेवारी 2023 ची. फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार तेव्हा आली. (टू-व्हील ड्राइव्ह जुन्या थारमध्येही मिळायचं, हेही खरं.) दिसायला तीच, पण चंबळच्या बीहडात रुतली तर ढकलायला माणसं शोधा! 2024 ची पाच दारांची रॉक्सही दोन्ही प्रकारांत मिळते. तेव्हा विसार देण्याआधी गाडी फोर बाय फोर आहे का, ते विचारून घ्यावं.