वायूतून परत मिळवलेला कोळसा

सोडावॉटरची बाटली फोडली की फसफसत वर येतो तो वायू, चुनखडी भाजताना भट्टीतून निघून जातो तो वायू, आणि शेगडीतला कोळसा जळताना हवेत मिसळतो तो वायू, हे तिन्ही एकच. आपल्या जुन्या शालेय पुस्तकांत त्याला कर्बाम्ल वायू म्हणत. आता सगळेच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. कोळसा जळून त्याचा वायू होतो, हे शेगडीपुढे बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण मग उलट का होऊ नये? त्या वायूतून कोळसा परत का काढता येऊ नये? अलीकडे वर्तमानपत्रांत अशा प्रयोगांच्या बातम्या येतात आणि वाचणाऱ्याला वाटते, हा कालपरवाचा शोध दिसतो. तसे नाही. हे काम पहिल्यांदा साधले ते १७९१ साली.

त्या आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५४ ते १७५६ या काळात तराजू हाती धरून दाखवले, की चुनखडी भाजली म्हणजे तिचे वजन घटते, कारण तिच्यात कोंडून राहिलेला एक वायू निघून जातो. त्यांनी त्याला ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिये यांनी सांगितले, की हा वायू म्हणजे कोळसा आणि प्राणवायू यांचा संयोग. १२ भार कोळसा आणि ३२ भार प्राणवायू मिळून ४४ भार वायू, असा हिशेब आज आपण मांडतो. पण लाव्हाझिये यांचा पुरावा एकाच बाजूचा होता. दोन वस्तू जोडून तिसरी झाली, एवढे त्यांनी दाखवले. ती तिसरी वस्तू फोडून पहिली परत हातात दिलीत तर खरे, असे कोणी म्हटले असते तर त्यांच्यापाशी दाखवायला काही नव्हते.

ते दाखवले स्मिथसन टेनंट यांनी. यॉर्कशरमधल्या सेल्बी गावी १७६१ साली जन्मलेला हा माणूस १७८१ मध्ये एडिंबरोला वैद्यकी शिकायला गेला आणि तिथे त्याने ब्लॅक यांचीच व्याख्याने ऐकली. वैद्यकी त्याने कधी मनापासून केली नाही. रसायनशास्त्र मात्र आयुष्यभर सुटले नाही.

टेनंटपुढची अडचण अशी होती. प्राणवायूवर कोळशाची पकड मोठी घट्ट. फॉस्फरस, म्हणजे आपला स्फुरद, हाही प्राणवायूचा भुकेला. पण कोळशाच्या हातून तो हिसकावून घेण्याइतके बळ त्याच्या अंगी नाही. मग टेनंटने एक युक्ती केली. फॉस्फरस प्राणवायूशी संयोग पावला की त्याचे आम्ल होते, आणि त्या आम्लाला चुन्याची विलक्षण ओढ असते. फॉस्फरसने प्राणवायूला ओढायचे आणि चुन्याने त्या आम्लाला ओढायचे. एकट्याने न हलणारा खुंट दोघांनी मिळून उपटावा, तसे हे आहे. त्याने एका टोकाला बंद केलेल्या काचेच्या नळीत फॉस्फरस घातला, वर संगमरवराची पूड भरली (संगमरवर म्हणजे चुना आणि तोच कोंडलेला वायू), नळीला वाळू-मातीचा लेप दिला आणि ती काही मिनिटे लाल होईपर्यंत तापवली. थंड झाल्यावर नळी फोडली तेव्हा आत काळी पूड होती. तिच्यातला चुन्याचा भाग आम्लात विरघळवून काढला आणि मागे राहिला तो कोळसा. पांढऱ्याशुभ्र दगडातून काळा कोळसा! लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७९१ साली हा निबंध आला, तेव्हा टेनंटने वयाची तिशीही गाठली नव्हती.

सहा वर्षांनी, १७९७ मध्ये, याच गृहस्थाने हिऱ्याला हात घातला. हिरा जळतो हे लाव्हाझिये यांनी आधीच पाहिले होते. टेनंटने सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा तापवून जाळला आणि निघालेला वायू मोजला. तेवढ्याच वजनाच्या कोळशापासून जेवढा वायू मिळतो तेवढाच तो भरला. हिरा आणि कोळसा यांचे द्रव्य एकच, हे त्या मोजमापाने ठरले. असे सांगतात, की हा प्रयोग ऐन रंगात आला असताना टेनंटची घोड्यावरून फेरफटका मारण्याची वेळ झाली, आणि उरलेले काम मित्र वोलॅस्टनवर सोपवून स्वारी निघून गेली. घोड्याचा हा शौक शेवटी महागात पडला. १८१५ साली फ्रान्समध्ये बूलोन गावाजवळ घोड्यावरून जात असताना पूल खचला आणि त्यातच त्याचा अंत झाला.

वायूतून कोळसा निघतो, हा प्रश्न असा १७९१ मध्येच सुटला होता. मग सव्वादोनशे वर्षे झाली तरी त्याचे कारखाने का निघाले नाहीत? याचे उत्तर त्या नळीतल्या फॉस्फरसमध्ये आहे. त्या काळी फॉस्फरस मिळवण्याची रीत अशी: हाडांची राख घ्यायची, तिच्यावर तीव्र आम्लाची क्रिया करायची आणि जे हाती येईल ते कोळशाबरोबर खूप तापवायचे. म्हणजे कोळसा खर्चून फॉस्फरस, आणि फॉस्फरस खर्चून कोळसा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार. पुढे हंफ्रे डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम वेगळे केले आणि या वायूत ते तापवले की कोळसा बाहेर पडतो असे दाखवले. शाळेत मॅग्नेशियमची पेटलेली फीत या वायूने भरलेल्या बरणीत सोडतात. ती विझत नाही, आणि बरणीच्या कडेला काळे ठिपके दिसतात, ते याच कोळशाचे. पण हे धातू मिळवायलाही मोठी शक्ती खर्चावी लागते.

ती किती, हे सांगून टाकतो, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. एक किलो कर्ब जळताना जी उष्णता देतो ती विजेच्या भाषेत सुमारे ९ युनिट होते. वायूतून तो किलोभर कर्ब परत हवा असेल तर निदान ९ युनिट परत भरलेच पाहिजेत. प्रत्यक्षात जास्तच लागतात. आता ही वीज दगडी कोळशाच्या वीजघरातून आणली तर? तिथे उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. तेव्हा एक किलो परत मिळवण्यासाठी तीन किलो जाळावा लागेल. वीज पाण्याची, वाऱ्याची किंवा सूर्याची असेल तरच या उद्योगाला अर्थ आहे.

विजेची वाट मात्र पक्की निघाली. वितळलेल्या कार्बोनेट क्षारांतून वीज सोडली की ऋण टोकावर कर्ब साचतो, हे १९६०नंतरच्या दशकात नीट अभ्यासले गेले. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात स्टुअर्ट लिक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचा टप्पा गाठला. लिथियम कार्बोनेट सुमारे ७५० अंशांवर वितळवायचे आणि त्यात पोलाद व निकेल यांची टोके बुडवायची. एका टोकाला कर्ब धरतो, दुसऱ्यावरून प्राणवायू सुटतो, आणि मागे उरलेला लिथियमचा ऑक्साइड हवेतला कर्बाम्ल वायू शोषून पुन्हा कार्बोनेट होतो. क्षार खर्च होत नाही; खर्च होते ती वीज आणि हवेतला वायू. जमलेला कर्बही साधी काजळी नव्हे. निकेलचे सूक्ष्म कण बीजासारखे काम करतात आणि त्यांच्यावर केसाहून कितीतरी पटींनी बारीक असे तंतू वाढतात. विमानांच्या व मोटारींच्या हलक्या, बळकट भागांसाठी, विजेऱ्यांसाठी अशा तंतूंना मोल येते. कोंबडी महाग विकली गेली, तर मसाल्याचा खर्च निघू शकतो!

पण आकड्यांपुढे डोळे झाकून चालणार नाही. माणसाच्या भट्ट्या, गिरण्या, मोटारी मिळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कर्बाम्ल वायू हवेत सोडतात. त्यातला कर्बच सुमारे हजार कोटी टन. उलट टायरांत घालतात ती काजळी जगभरात वर्षाला दीड कोटी टनांच्या घरात लागते. ती सारी हवेतून काढली तरी हजारातले दीड टन! तंतूंची गरज तर त्याहूनही फार थोडी. धूर सोडत राहावे आणि मागाहून त्याचे टायर करावेत, असा बेत कोणी सांगू लागला तर त्याला हा हिशेब विचारावा. मात्र टायरची काजळी आज मुख्यतः तेल अर्धवट जाळून करतात. ते तेल वाचले तर तो लाभ खरा, आणि तो मला कमी वाटत नाही.

कारागिरीची एक जुनी अडचण राहिली. कर्ब ज्या पृष्ठभागावर तयार होतो त्यालाच चिकटून बसतो, आणि पृष्ठभाग झाकला की काम थांबते. २०१९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आर.एम.आय.टी. विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने यावर एक निराळा उपाय योजला गेला. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे मिश्रण नेहमीच्या तापमानालाही पाऱ्यासारखे पातळ असते. त्यांनी त्यात थोडा सिरियम मिसळला. पातळ धातूला कर्ब चिकटून राहत नाही. त्याचे पापुद्रे आपोआप सुटतात. इथे भट्टी लागत नाही, लाल तापलेली नळी लागत नाही. वीज मात्र लागतेच.